मिक्सोपॅथीचा खरा पत्ता

2025च्या सप्टेंबरात महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवस संप केला. निमित्त होते सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा वर्षभराचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांच्या नोंदणीचे. त्या दिवसांत 'मिक्सोपॅथी', म्हणजे उपचारपद्धतींची सरमिसळ, ही शिवी पुन्हा मनसोक्त वापरली गेली. कुणी कुणाचे औषध लिहावे, हे भांडण जुनेच आणि बरेचसे दुकानाच्या पाटीचे. खरी मिक्सोपॅथी चालते ती फ्रिजवरच्या डब्यात. तिथे रक्त पातळ ठेवणारी गोळी, शेजारणीने सांगितलेला काढा आणि लेकाने अमेरिकेहून आणलेल्या हळदीच्या कॅप्सूल एकत्र नांदतात. त्याविरुद्ध कुणी संप करत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात अपस्माराच्या दोन रुग्णांच्या फिट्स फेनिटॉइनने आटोक्यात होत्या. त्या अचानक परतल्या. चौकशीत निघाले शंखपुष्पीचे सिरप, म्हणजे परीक्षेच्या दिवसांत मुलांना बुद्धी वाढावी म्हणून चमच्याने पाजतात तेच. उंदरांवर तपासले तेव्हा सिरपच्या लागोपाठच्या मात्रांनी फेनिटॉइनची रक्तातली पातळी घसरली आणि फिट्स रोखण्याची ताकदही. हे 1992 साली प्रसिद्ध झाले. 'वनस्पती आहे, साइड इफेक्ट नाहीत' ही जाहिरात त्यानंतर तीस वर्षे बिनदिक्कत चालूच राहिली.

या जाहिरातीचा सर्वांत खणखणीत प्रतिवाद आयुर्वेदातच आहे. सुंठ, मिरी, पिंपळी म्हणजे त्रिकटू इतक्या योगांत का सापडते, हा प्रश्न जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल यांनी मनावर घेतला. उत्तर निघाले मिरी-पिंपळीतले पिपरीन. आतड्यात आणि यकृतात औषधे मोडून टाकणारी एंझाइम्स ते मंदावते, म्हणून सोबतचे औषध रक्तात जास्त पोचते. बंगळुरूमध्ये 1998 साली दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपरीन दिले, तर शरीराला मिळणारे कर्क्युमिन वीसपट झाले. क्षयरोगासाठी तर भारतात अशी गोळी आली की 10 मिलिग्रॅम पिपरीनच्या जोरावर रिफाम्पिसिनची मात्रा 450 वरून 200 मिलिग्रॅमवर आली. योगवाही, म्हणजे सोबतच्या औषधाचा गुण वाढवणारे, द्रव्य कशाला म्हणायचे, याचे याहून चांगले प्रात्यक्षिक शोधून सापडणार नाही.

पण चौकीदाराला झोपवले की दार सगळ्यांनाच उघडे होते. पिपरीनने फेनिटॉइनची, रक्तदाबावरच्या प्रोप्रॅनोलॉलची आणि दम्यावरच्या थिओफिलिनचीही पातळी वाढते. थिओफिलिनच्या बाबतीत गुणकारी आणि विषारी मात्रेत अंतर फारच थोडे. आमटीतल्या चिमूटभर मिरीने कुणाचे काही बिघडत नाही. प्रश्न रोज गिळल्या जाणाऱ्या अर्काचा आहे. हळदीच्या गोळ्यांशी जोडलेल्या यकृतविकाराच्या दहा रुग्णांची नोंद अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2022 मध्ये केली, त्यांतला एक दगावला. तपासलेल्या काही गोळ्यांत पिपरीन होतेच. अनुपान आणि विरुद्ध आहार यांचा एवढा काथ्याकूट करणाऱ्या शास्त्राच्या नावावर 'कशाहीबरोबर घ्या, निर्धास्त घ्या' असे छापणे, हा त्या शास्त्राचा अपमान ॲलोपॅथांनी केलेला नाही.

इथवर दोष जाहिरातवाल्यांचाच दिसतो. गुळवेलीचे प्रकरण मात्र हा हिशेब बिघडवते. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये मांडले. आयुष मंत्रालयाने ती दुसरीच वेल असावी म्हणून हात झटकले. त्याच मुंबईत, 1993 मध्ये, डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तमार्ग बंद झालेल्या कावीळग्रस्तांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन चांगले परिणाम नोंदवले होते. तिथे रुग्ण निवडलेले होते आणि त्यांच्यावर नजर होती. गुळवेल औषध आहे, हे दोन्ही निबंध आपापल्या परीने सांगतात. मंत्रालयाला आणि डॉक्टरांना त्यांतला एकेकच ऐकू येतो.

आणि डॉक्टरांचे काय? 'असला पालापाचोळा बंद करा' म्हणून एकदा झापलेली आजी पुढच्या वेळी काढ्याचे नावही काढत नाही. बंद मात्र करत नाही. रक्ताच्या तपासणीचे आकडे वरखाली झाले की मग डॉक्टर गोळी बदलतात, आणि खेळ नव्याने सुरू होतो. तक्रारींच्या वह्यासुद्धा वेगळ्या. आधुनिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद एका राष्ट्रीय यंत्रणेत, आयुषच्या औषधांची दुसरीत. पहिल्या यंत्रणेच्या अर्जात, सोबत घेतलेली घरगुती आणि वनौषधींची नावे लिहायला रकाना आहे. तो भरायचा तर डॉक्टरांना आधी आजीला विचारावे लागेल, तेही आवाज न चढवता.