सभा नसलेलं शहर

नाचणे किंवा कुवारबाव या गावांत राहणाऱ्या माणसाला ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला विचारता येतं, की पाणी योजनेचं काय झालं. तिथून थोड्या अंतरावर मारुती मंदिराजवळ, म्हणजे रत्नागिरी नगरपरिषदेच्या हद्दीत आलं, की हा हक्क उरत नाही. ग्रामसभा घेणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. शहरांसाठी 74व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सांगितल्या खऱ्या, पण त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना. 2011च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या 76 हजारांच्या आसपास होती. म्हणजे हे जिल्ह्याचं ठिकाण, लोकमान्य टिळकांचं जन्मगाव, 1828 पासून नगर वाचनालय असलेलं शहर; आणि इथल्या नागरिकाला चारचौघांत उभं राहून कारभाराबद्दल बोलायची हक्काची जागा प्रत्यक्षात नाही. पाच वर्षांतून एकदा मत द्यायचं, एवढंच. 2021च्या अखेरीस मुदत संपल्यावर राज्यातल्या इतर अनेक नगरपरिषदांप्रमाणे इथलाही कारभार काही वर्षं प्रशासकाकडे होता, तेव्हा तेही थांबलं.

तरी हे शहर एकत्र येतंच. शिमग्यात श्री देव भैरीची पालखी निघते तेव्हा येतं. जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा कला संगीत महोत्सव होतो, तेव्हा थंडीत शाली लपेटून लोक रात्री उशिरापर्यंत गाणं ऐकतात. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी 1910च्या सुमारास बांधलेली ही इमारत. एका माणसाला त्याच्या लोकांपासून तोडून ठेवण्यासाठी उभारलेल्या जागेत आज माणसं जमतात, याचं मला दर वर्षी समाधान वाटतं. खल्वायन संस्थेच्या संगीत सभा आणि संगीत नाटकं आहेत, सावरकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आहे. ही सगळी कामं नोकरीधंदा सांभाळून माणसं करतात. देणग्या मागतात, खुर्च्या लावतात, हिशेब मांडतात, एकमेकांशी भांडतात आणि तरीही कार्यक्रम पार पाडतात. लोकशाहीला लागणाऱ्या सवयी शहरात कुठे लागत असतील, तर त्या इथे. म्हणून या मंचांवर कोण उभं राहतं आणि समोर कोण बसतं, हा प्रश्न मला आवडीनिवडीचा वाटत नाही. तो नागरिकत्वाचा प्रश्न आहे.

रत्नागिरीने हे एकदा करून दाखवलेलं आहे. सावरकर 1924 ते 1937 या काळात इथे स्थानबद्ध होते. त्यांच्या राजकारणावर वाद होत राहतील, व्हायलाही हवेत. पण या शहरात अस्पृश्यतेविरुद्ध जी चळवळ झाली, तिने मंचाचा उपयोग कसा केला ते पाहण्यासारखं आहे. 1927मध्ये अस्पृश्यतेच्या प्रश्नावर ‘संगीत उःशाप’ हे नाटक आलं. 1931मध्ये भागोजीशेठ कीरांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं, सर्व जातींना खुलं. सहभोजनं झाली. संगीत नाटक तेव्हा आजच्यासारखं जपून ठेवण्याची वस्तू नव्हतं. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून, म्हणजे 1880पासून, ते लोकांच्या तोंडी असलेलं, तिकीट काढून बघायचं, नव्या चालींचं संगीत होतं. सुधारणेचा विषय मांडायला त्या काळचं सगळ्यांत लोकप्रिय संगीत निवडलं गेलं. आज आपण त्याच प्रकाराला अभिजात म्हणतो आणि आजचं लोकप्रिय संगीत नाट्यगृहाच्या दारात अडवतो.

कोकणात प्रश्न विचारण्याची कला मात्र नाट्यगृहाबाहेर फार आधीपासून आहे. गणपतीत जाखडी नाचतात. एका पायात चाळ बांधलेले नाचे फेर धरतात, मध्ये ढोलकी, झांज आणि शाहीर. शक्तिवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांचा सामना लागला, की गण-गवळण आटपल्यावर खरी रात्र सुरू होते. एका बाजूने सवाल टाकायचा, दुसऱ्या बाजूने त्याच रात्री, त्याच लोकांसमोर उत्तर बांधायचं. पुराणातला दाखला चुकला तर लोक तिथल्या तिथे दाद काढून घेतात. यात महागाई येते, गावचा रस्ता येतो, मुंबईला गेलेल्या मुलाचं रिकामं घर येतं. अंगावर जाणारे फटके आणि द्वयर्थी टोमणेही येतात, आणि ते अलीकडे फार झाले आहेत असं माझं मत आहे. पण प्रश्न जाहीर विचारायचा आणि उत्तर जाहीर द्यायचं, ही शिस्त त्यात आहे. आपल्या नगरपालिकांच्या कारभारात नेमकी तीच नाही.

ही कला जुनी राहिलेलीही नाही. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्यांनी ती परळ-लालबागला नेली. तिथल्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचे सामने आणि कोकणातलाच दुसरा लोककला प्रकार असलेली नमनं गाजली, आणि शंभरी पूर्ण केलेलं ते नाट्यगृह 2023मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा कलावंतांना ‘आमची जागा परत द्या’ म्हणून आवाज उठवावा लागला. आता नमनात कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, रंगीत दिवे आले, यूट्यूबवर चित्रफिती आल्या. जाणकार नाक मुरडतात. मला त्यात एक जिवंत कला पैसे आणि प्रेक्षक शोधताना दिसते.

आणि इथेच मला रॅपचं नातं दिसतं. ठेक्यावर शब्द बांधायचे, समोरच्याला आव्हान द्यायचं, आपल्या वस्तीचं नाव घ्यायचं. जाखडीच्या शाहिराला हे काही नवं नाही. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या चमूने 2019मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ काढलं, त्यात आरेच्या आदिवासी पाड्यातले प्रकाश भोईर गायले. मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं पडणार होती. ज्यांची ती जमीन आणि झाडं, त्यांचाच आवाज नव्या संगीतात आला आणि आरेत पाऊलही न टाकलेल्या मुलांपर्यंत गेला. या संगीताला वजन आहे हे सत्तेलाही कळतं. एप्रिल 2023मध्ये राजकीय पक्षांतरावर मराठी रॅप करणाऱ्या राज मुंगसे या तरुणावर गुन्हा नोंदवला गेला. त्याची भाषा कोणाला रुचली नसेल. पण गाण्याला उत्तर गाण्याने द्यायचं असतं, हे जाखडीच्या कोणत्याही सामन्यात बसलेल्या म्हाताऱ्याने सांगितलं असतं.

त्याच एप्रिलमध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पोलीस बंदोबस्तात रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं. बायका रस्त्यावर आडव्या पडल्या. परिसरातल्या ग्रामसभांनी प्रकल्पाविरुद्ध ठराव केले होते. त्यांच्याकडे ठराव करायला निदान सभा होती. त्याआधी फेब्रुवारीत, या प्रकल्पाविषयी लिहिणारे पत्रकार शशिकांत वारीशे यांना राजापुरात गाडीखाली चिरडण्यात आलं आणि पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. जाहीर बोलण्याची किंमत इथे किती मोजावी लागते, हे त्यावरून कळावं.

बारसूचा सडा कागदावर पडीक. कोकणातले सगळेच कातळसडे पडीक समजले जातात, कारण तिथे भात होत नाही. पण याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी माणसाने चित्रं कोरली. कशेळीला सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या आकाराच्या आत आणखी प्राणी कोरलेले आहेत. बारसू, देवाचे गोठणे, रुंढेतळी, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी ही ठिकाणं आज नकाशावर आहेत ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. ते सरकारी पुरातत्त्व खात्याचे नोकर नव्हते. सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून, माती बाजूला करून त्यांनी ही चित्रं शोधली. उक्षीत गावाने पुढाकार घेतला आणि शिल्पाभोवती जांभ्याचा कठडा उभा राहिला. 2022मध्ये कोकणातल्या नऊ कातळशिल्प स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत आणि बारसू त्यात आहे.

या शोधाने काय केलं ते नीट पाहिलं पाहिजे. ज्या जमिनीबद्दल ‘तिथे काय आहे?’ असं सहज म्हटलं जायचं, तिथे काय आहे याचं उत्तर मिळालं. कलेच्या ओढीने निघालेली माणसं जमिनीच्या भवितव्याच्या वादात येऊन उभी राहिली, कारण चित्र वाचवायचं तर सडा वाचवावा लागतो. रिफायनरी हवी म्हणणाऱ्यांचंही म्हणणं ऐकायला हवं. वाडीवाडीतली कुलूपबंद घरं मीही पाहतो आणि रोजगाराची त्यांची भूक खरी आहे. पण तो वाद आता पडीक जमिनीबद्दलचा वाद म्हणून करता येणार नाही, आणि हे श्रेय काही हौशी नागरिकांचं आहे.

रत्नागिरीला नकार देता येतो, हेही जुनंच आहे. 1993मध्ये स्टरलाइटच्या तांब्याच्या कारखान्याविरुद्ध इथले लोक उभे राहिले आणि बांधकाम थांबलं. आपण ती हकीकत अभिमानाने सांगतो. पुढची कमी सांगतो: कारखाना तमिळनाडूत तुतुकुडीला गेला, आणि मे 2018मध्ये त्याच्याविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात 13 माणसं मेली. आपल्या दारातून परत गेलेलं संकट दुसऱ्या समुद्रकाठच्या कोळ्यांच्या दारात गेलं. आपण जिंकलो तेव्हा तुतुकुडीचा आवाज आपल्यापर्यंत येण्याची सोय नव्हती. आज आरेचं गाणं रत्नागिरीच्या मुलाच्या फोनवर येतं. नव्या संगीताबद्दल मला जी आस्था आहे तिचं मुख्य कारण हेच: त्याने नागरिकाच्या ओळखीची हद्द शहराच्या वेशीपलीकडे नेली आहे.

वेशीच्या आत मात्र आपण अजून वेगवेगळे बसतो. राजवाड्यातली मैफल ऐकणारे आणि वाडीवरचं नमन पाहणारे यांची गाठ फारशी पडत नाही. त्यात जात आहे, वर्ग आहे, शिक्षण आहे. हे न बोलता चालणार नाही. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयाच्या वयाची जी मुलं मोबाइलवर ठेके बांधतात, भिंती रंगवू पाहतात, ती या दोन्ही ठिकाणी बाहेरचीच. नाट्यगृहाचं भाडं, ध्वनियंत्रणा, परवानगी, कशालाच त्यांचा हात पोचत नाही. मग ती घरात बसून गातात, आणि शहर म्हणतं की तरुणांना कशाचं काही पडलेलं नाही.

नगरपरिषदेकडे माझं मागणं साधं आहे. सावरकर नाट्यगृह लोकांच्या पैशाचं आहे. महिन्यातली एक संध्याकाळ ते नवख्यांना मोफत द्या. पहिल्या भागात गाणं, नाटुकलं, जाखडी, रॅप, ज्याला जे येतं ते. दुसऱ्या भागात मंचावर नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी बसतील, आणि प्रेक्षकांतून कोणीही पाण्याबद्दल, कचऱ्याबद्दल, रस्त्याबद्दल सवाल टाकेल. उत्तर तिथेच द्यायचं. अशा सभेला कायद्याने मनाई केलेली नाही. आर्ट सर्कल, खल्वायन आणि गावोगावच्या नमन मंडळांनी या संध्याकाळची जबाबदारी आळीपाळीने घ्यावी; कार्यक्रम पार पाडण्याचं काम त्यांच्याइतकं इथे कोणाला येत नाही. आणि रत्नागिरीकर वाचकहो, हे मागणं पत्राने, अर्जाने, आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला भेटून, तुम्हीही करा.