अंगणात आखलेली गाडी

यवतमाळहून दारव्हा रोडनं निघालं की शहर कुठे संपलं आणि लोहारा कुठे लागला, हे आता कळत नाही. एमआयडीसीतले कारखाने, जुनी वस्ती, नवे लेआउट असं सगळं एकमेकांना खेटून आहे. अशाच एका लेआउटमधल्या घरात सहा माणसं राहत: आबाजी, आजी, कारखान्यात पाळीवर जाणारा मुलगा, सून, तिसरीतली नात आणि वर्षभराचा नातू.

घर वाढत गेलं तसं दारातलं वाहनही बदलत गेलं. आधी आबाजींची सायकल होती, मग लुना आली. मुलाला नोकरी लागली तेव्हा मोटारसायकल आली आणि नात झाली तेव्हा सेकंडहँड मारुती 800. ही गाडी 1983 च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण सांभाळून वापरणाऱ्यांच्या दारात ती पुढेही उभी राहिली. या घरातही राहिली. नातू झाला तेव्हा मात्र ती पुरेना. त्यात आजीचे गुडघे धरलेले. त्या बुटक्या गाडीत बसायचं म्हणजे तिनं आधी वाकायचं, मग एक पाय हातानं उचलून आत घ्यायचा आणि उतरताना दोघांनी मिळून तिला बाहेर काढायचं.

त्या वर्षी घरच्या शेतातल्या कापसाचा चुकारा वेळेवर हाती आला. मुलानं ठरवून टाकलं, आता सात सीटर घ्यायची. कंपनीतले मित्र तेच म्हणत होते, साळा तेच म्हणत होता, आणि समोरच्या घरासमोर तर तशी गाडी उभीच होती. रात्री जेवताना त्यानं विषय काढला.

आबाजींनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "गाडीत कोण कोण बसनार हाय?"

"आपण सगळेच की, बाबा."

"मंग घ्यायच्या आधी बसवून पाहू."

रविवारी सकाळी आबाजींनी अंगण झाडून घेतलं, चुन्याची फक्की आणली आणि मुलाला टेप धरायला लावला. मुलाच्या मनात अर्टिगा होती. ती सुमारे 4.4 मीटर लांब; तेवढी चौकट त्यांनी आखली. आत पुढच्या दोन जागा, मधली रांग, मागची रांग, दोन्हीकडची दारं. बाळाच्या सीटच्या जागी एक टोपली ठेवली.

"बसा," आबाजी म्हणाले, "माहूरले निघालो समजा."

मुलगा स्टिअरिंगच्या जागी बसला. आबाजी त्याच्या शेजारी. मधल्या रांगेत एका दाराशी टोपली, दुसऱ्या दाराशी आजी आणि मधे सून. नात टणकन उडी मारून मागच्या रांगेत गेली.

"अशी नाई," आबाजी म्हणाले. "दारातून ये."

आता पंचाईत झाली. मागच्या रांगेत जायचं तर मधली सीट पुढे ढकलावी लागते. एका बाजूला बाळाची सीट पट्ट्यानं बांधलेली, ती हलवता येत नाही. दुसऱ्या बाजूला आजी. म्हणजे नातीला आत जायचं की आजी खाली, नातीला शू लागली की आजी खाली, चहाला थांबलं की पुन्हा आजी खाली. आजीनं दोनदा करून पाहिलं आणि तिसऱ्यांदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी नाई येत बाप्पा तुमच्या माहूरले," ती म्हणाली.

"बाळाला मी मांडीवर घेते," सुनेनं तोड काढली. "ती टोपली काढून टाका."

यावर मुलगाच म्हणाला, "ते नाही चालत." कारखान्यात सुरक्षेचे धडे ऐकून ऐकून त्याला ते पाठ होते. जोराचा ब्रेक लागला तर मांडीवरचं लेकरू कितीही घट्ट धरलं तरी हातातून सुटतं. कायद्यातही 2019 च्या दुरुस्तीनं ते आलं आहे: चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांची सीट हवी, नाहीतर 1000 रुपये दंड. दंड भरता येतो, लेकरू पुन्हा आणता येत नाही.

मग नातीनं विचारलं, "आणि आबाजी, बॅगा कुठं ठेवायच्या?"

मागची रांग उघडलेली असली की डिकीत एखाददोन पिशव्यांपुरतीच जागा उरते. सहा जणांचं सामान, बाळाचे लंगोट, दुधाचा थर्मास, वाटेवर खायची पुरी-भाजी हे सगळं पायाशी आलं. मुलगा चुन्याच्या रेघांकडे पाहत राहिला.

आबाजींनी शेजारी दुसरी चौकट आखली. ही सुमारे 3.65 मीटरची, वॅगन आरची. लांबीला कमी, पण छत उंच आणि बसणीही उंच. सीटची उंची दाखवायला त्यांनी पुढच्या जागी एक स्टूल ठेवला. आजी आली, पाठमोरी झाली, स्टुलावर टेकली आणि मग दोन्ही पाय आत वळवले. ना वाकणं, ना ओढणं.

"हे बरं हाय," ती म्हणाली.

मागे नात, सून आणि टोपली. पाच जागा भरल्या. आबाजी चौकटीच्या बाहेर उभे.

"आणि मामाजी, तुमी?" सुनेचा चेहरा उतरला.

"मी पंच्याहत्तरी पार केली. सरकारनं मले एसटी फुकट केली हाय," आबाजी हसले. "पन तू म्हनते ते बरोबर हाय. माणूस बाहेर ठेवून माप घेऊ नये. जा, भिंतीवरचं कालनिर्णय आन."

सुनेच्या त्या कालनिर्णयावर घराचा सगळा संसार लिहिलेला असे. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, बाळाचे डोस, आजीला दवाखान्यात न्यायचे वार. ती जानेवारीपासून वाचत गेली आणि आबाजी विचारत गेले, "या खेपेले कोन कोन होतं?"

डोसाला ती, बाळ आणि नवरा. दवाखान्याला आजी, मुलगा आणि कधी सून. पावसात शाळेला नात. बाजाराला दोघं. सहाही जण एकदम निघाले ते माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला, कळंबला चिंतामणीला, एका लग्नाला आणि भाऊबीजेला. एका हाताची बोटंही पुरून उरली.

"पाह्य," आबाजी म्हणाले. "माह्या बापाच्या घरी बंडी होती आन दमणीबी होती. शेणखत न्याले बंडी. लेकीले सासरहून आनाले दमणी. वऱ्हाड निघालं तं गावातून चार बंड्या मागून आनायच्या. वरसातून एकदा वऱ्हाड निघते म्हणून कोनी चार बंड्या अन् आठ बैल दाराशी बांधून नाई ठेवले. बैलाले तं रोज चारा लागते."

मुलाला चाऱ्याचा हिशेब लगेच कळला. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी 18 टक्के झाला आणि त्याहून मोठ्या गाडीला 40. शिवाय मोठ्या गाडीचा हप्ता, विमा, टायर हे सगळं रोजचंच. बसणारे मात्र रोज तीन. उरलेल्या पैशात वर्षातून चार वेळा मोठी गाडी भाड्यानं करता येईल, आणि तेव्हा आबाजींना खिडकी मिळेल. त्यानं लहान गाडी बुक केली.

ही गोष्ट दारव्ह्याला पोचली. आबाजींची लेक तिथे दिलेली. पुढच्याच आठवड्यात ती जावयासोबत आली आणि म्हणाली, "बाबा, आमीबी मोठी घेणार होतो. पन आता लहानच घेतो. दादाचे पैसे वाचले ना."

आबाजींनी पुन्हा फक्की काढली. "दादाचं राहू दे, माय. तुह्या घरचे सांग. रोज कोन निघते?"

लेकीचं एकत्र कुटुंब. यवतमाळला दुकान. ती, जावई, दीर आणि जाऊ रोज दुकानाला येत. तिघं मुलं यवतमाळच्याच शाळेत, त्यांच्या सोबत. दारव्ह्याहून चाळीसेक किलोमीटर, सकाळी सात माणसं यायची, संध्याकाळी सात माणसं जायची. आता दोन मोटारसायकली आणि एसटी अशी त्यांची वाटणी होती. मुलं चांगली मोठी, मागच्या रांगेत सरसर चढणारी. सामान म्हणाल तर दप्तरं आणि डबे. गुडघेदुखीचं माणूस घरात नाही, टोपलीतलं बाळही नाही.

आबाजींनी मोठी चौकट आखली, सातही जागा बोटानं मोजल्या. प्रत्येक जागेवर रोज माणूस होतं.

"तू मोठीच घे," ते म्हणाले. "माह्यं ऐकून लहान घेशीन तं दोघं जन रोज उन्हातान्हात मोटारसायकलवर येतीन. दादाले लहान पुरते म्हणून तुले पुरन असं नाई."

मुलगा हे ऐकत होता. त्याला वाटलं होतं, बाबा काटकसर शिकवताहेत. त्यानं विचारलं, "मग बाबा, आम्ही घेतली ती कायमची बरोबर म्हणायची का?"

"कायमचं काई नाई. पोट्टी उद्या नागपूरले शिकाले जाईन. पोट्टा टोपलीतून निंगून तुह्या खांद्याले लागन. आमी दोघं आज हाओत, उद्या नाई. चार-पाच वर्षांनी पुन्हा अंगण झाडजो, पुन्हा आखजो. मागच्या मापावर नवी गाडी घेऊ नको."

तात्पर्य: अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि ते खरंही आहे. पण अंथरूण नवं शिवायचं असेल तेव्हा आधी पाय मोजावे लागतात, आणि तेही आपल्याच घरचे. गाडी घेताना वर्षातल्या चार दिवसांचा नाही, रोजच्या दिवसाचा विचार करावा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाला आधी बसवून पाहावं. शेजाऱ्याची गाडी शेजाऱ्याच्या माणसांसाठी असते. आणि आपली माणसं वाढतात, मोठी होतात, दूर जातात, तेव्हा माप पुन्हा घ्यायला लाजू नये.