हिजरी नववर्ष : संकल्पाचे पहिले पाऊल



मुहर्रमचा चंद्र दिसला की हिजरी सनाचे नवे वर्ष सुरू होते. त्याच्या स्वागताला ना आतषबाजी असते, ना जल्लोष. कित्येक घरांत तर त्याची चाहूलही लागत नाही. परंतु हे वर्ष ज्या घटनेपासून मोजले जाते, ती घटना मोठ्या धैर्याची आहे.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, हिजरी १७ च्या सुमारास, शासकीय पत्रव्यवहारासाठी कालगणना ठरविण्याची वेळ आली. प्रेषितांचा (स.) जन्म, प्रेषितत्वाचा प्रारंभ, वफात असे पर्याय समोर होते. निवड झाली ती हिजरतीची, म्हणजे इ.स. ६२२ मधील मक्का ते मदीना या स्थलांतराची. घरदार, व्यापार, आप्तस्वकीय मागे ठेवून केवळ अल्लाहच्या भरवशावर उचललेले पाऊल उम्मतच्या वर्षगणनेचा आरंभ ठरले.

प्रत्यक्ष प्रवास रबीउल अव्वल महिन्यात घडला. मग वर्षारंभ मुहर्रमला का? विद्वानांनी याचे एक सुंदर स्पष्टीकरण दिले आहे. अकबाची प्रतिज्ञा जिल्हज महिन्यात झाली आणि त्यानंतर उगवलेला पहिला चंद्र मुहर्रमचा होता. हिजरतीचा संकल्प याच काळातला. आपले वर्ष मुक्कामापासून नव्हे, तर निश्चयापासून सुरू होते!

मात्र तवक्कुल म्हणजे डोळे मिटून घेतलेली उडी नव्हे. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी दोन सांडण्या चार महिने चारा घालून सज्ज ठेवल्या होत्या. प्रेषितांनी (स.) त्यांतील एक घेतली, पण मूल्य देण्याच्या अटीवरच. मदीना उत्तरेला असताना ते दक्षिणेकडील सौर गुहेत तीन रात्री थांबले. वाटाड्या म्हणून निवडलेला अब्दुल्लाह बिन उरैकित मुस्लिम नव्हता. तो विश्वासू आणि रस्त्यांचा जाणकार होता. आणि जे लोक जिवावर उठले होते, त्यांच्याच ठेवी परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मक्केत मागे ठेवण्यात आले. ही सारी तयारी झाल्यावरही शत्रू गुहेच्या तोंडाशी पोहोचलाच. तेथे मात्र उपाय संपले आणि केवळ अल्लाहची सोबत उरली. तीच पुरेशी ठरली.

मदीनेत पोहोचल्यावर हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि बाजाराची वाट तेवढी विचारली. देणाऱ्याने हात आखडला नाही, घेणाऱ्याने स्वाभिमान सोडला नाही. नव्या जागी नवे जीवन असेच उभे राहते.

बंधू-भगिनींनो, मक्का-विजयानंतर ती हिजरत संपली, परंतु अल्लाहने ज्याची मनाई केली आहे ते सोडणारा हाच खरा मुहाजिर, ही प्रेषितांची (स.) शिकवण कायम आहे. या वर्षी आपण काय सोडणार? व्याजाचा व्यवहार? तुटलेल्या नात्यातील अहंकार? बहिणीचा दाबून ठेवलेला वारसाहक्क? कोणी शिक्षणासाठी परगावी निघेल, कोणी नवा धंदा मांडेल. निघण्यापूर्वी इतरांच्या ठेवी व देणी चुकती करा, जाणकाराचा सल्ला घ्या, नियत शुद्ध ठेवा आणि मग भिऊ नका. आपल्या मुलांनाही पाऊल उचलू द्या. भीती दाखवून त्यांचे पाय बांधू नका.

सरलेले वर्ष आपल्या आयुष्यातून वजा झाले आहे. उरलेले किती, हे केवळ अल्लाह जाणतो. म्हणून चांगला निश्चय पुढच्या चंद्रावर ढकलू नका.

हे अल्लाह, हे वर्ष आमच्यासाठी ईमान, शांती आणि सत्कर्माचे कर. सोडण्यासारखे सोडण्याचे बळ दे आणि वाटेत तुझी सोबत दे. आमीन.