गाडीचा क्रमांक, स्वत्व आणि अस्तेय

जुनी गाडी विकत घेताना विकणाऱ्याच्या विस्मरणामुळे जे काही घेणाऱ्याकडे आपसूक चालत येते आणि कायदाही जे त्याचेच मानतो, ते ठेवून घेणे ही चोरी ठरते काय, हा प्रश्न ब्रिटनमधील खासगी क्रमांकांच्या व्यवहारातून उभा राहतो, आणि तो वरवर वाटतो तितका क्षुल्लक नाही. खासगी क्रमांक म्हणजे नावाची आद्याक्षरे वा आवडता अंक साधावा म्हणून वेगळे पैसे मोजून घेतलेला नोंदणी क्रमांक. १९०३च्या मोटार कायद्याने १ जानेवारी १९०४ पासून तेथे प्रत्येक मोटारीला क्रमांक सक्तीचा झाला, आणि लंडनचा ‘ए १’ हा क्रमांक तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांचे थोरले बंधू अर्ल रसेल यांनी लगोलग आपल्या गाडीसाठी मिळवला. म्हणजे ही हौस क्रमांकांइतकीच जुनी आहे. १९८९ पासून शासन स्वतःच असे क्रमांक विकते, आणि २०१४ मध्ये ‘२५ ओ’ हा क्रमांक लिलावात ५ लाख १८ हजार पौंडांना गेला.

प्रश्न समजण्यासाठी व्यवहाराची रीत पाहावी लागते. गाडीची खरी ओळख वाहन ओळख क्रमांकात, म्हणजे कारखान्यातच कोरलेल्या आणि बहुधा पुढच्या काचेच्या तळाशी दिसणाऱ्या सतरा अक्षरांकित खुणेत असते व ती बदलत नाही; पुढची पांढरी आणि मागची पिवळी पाटी मात्र बदलू शकते. विकणाऱ्याला आपला खासगी क्रमांक राखायचा असेल, तर त्याने गाडी विकण्यापूर्वी स्वान्सी येथील वाहन परवाना संस्थेकडे, म्हणजे डीव्हीएलएकडे, ८० पौंड भरून तो गाडीवरून काढून घ्यावा लागतो. मग त्याला दहा वर्षे चालणारे राखणपत्र मिळते आणि गाडीला बहुधा तिचा मूळ क्रमांक परत लागतो. हे न करता त्याने लॉगबुकातील, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रातील, नव्या धारकाची हिरवी चिठ्ठी फाडून दिली आणि नोंद बदलली, की क्रमांकाचा हक्क गाडीबरोबर नव्या धारकाकडे जातो.

हा हक्क कोणत्या जातीचा आहे, हे ठरवताना मिताक्षरेतील एक वाद उपयोगी पडतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या आणि महाराष्ट्रातील वारसाहक्काला शतकानुशतके आधार देणाऱ्या या टीकेत असा प्रश्न चर्चिला आहे, की स्वत्व, म्हणजे वस्तू ‘आपली’ असणे, केवळ शास्त्रानेच कळते की ते लौकिक आहे. शास्त्राची गंधवार्ता नसलेले लोकही खरेदी-विक्री करतात, तेव्हा स्वत्व लौकिकच, असा त्यांचा निर्वाळा आहे. गाडीपुरता तो पुरेपूर लागू पडतो, कारण ती दारात उभी असते आणि तिच्या किल्ल्या कोणाच्या हाती आहेत हे शेजाऱ्यालाही दिसते. खासगी क्रमांक मात्र विज्ञानेश्वरांनी खोडून काढलेल्या पूर्वपक्षाला, म्हणजे स्वत्व शास्त्रानेच कळते या मताला, बळ देतो: नोंदवही मिटली तर पाटीवर चार अक्षरांखेरीज काही उरत नाही, आणि मुळात क्रमांक शासनाचाच राहून धारकाला तो लावण्यापुरताच हक्क मिळतो. एका दारात, एका सौद्यात, अशी दोन वेगळ्या जातींची स्वत्वे हस्तांतरित होतात, आणि घोटाळा नेमका इथेच होतो.

गौतमधर्मसूत्रात स्वामित्वाची सर्वसाधारण कारणे पाच दिली आहेत: वारसा, क्रय, वाटणी, परिग्रह म्हणजे धनी नसलेली वस्तू आपलीशी करणे, आणि अधिगम म्हणजे सापडणे. विसरून राहिलेला क्रमांक यांपैकी कशाने घेणाऱ्याचा होतो? त्याची किंमत सौद्यात धरलेली नव्हती, म्हणून तो क्रय नव्हे. तो बेवारस नव्हता आणि धनी ठाऊक असताना ‘सापडला’ असेही म्हणता येत नाही. विक्रेत्याने भाव सांगताना क्रमांकही त्यात धरला असेल, तर मात्र तो निखळ क्रय होय आणि मागाहून हळहळण्यात अर्थ नाही.

योगसूत्रांवरील व्यासभाष्याची स्तेयाची व्याख्या इथे विशेष विचारार्ह आहे. दुसऱ्याचे द्रव्य शास्त्राला सोडून स्वीकारणे म्हणजे स्तेय, असे ते म्हणते. तेवढ्याच निकषाने, कायद्याने आलेला क्रमांक ठेवणारा चोर ठरत नाही. परंतु भाष्यकार तेथे थांबत नाहीत, तर अस्तेयाचे स्वरूप स्पृहेचा अभाव असे सांगतात, आणि या दुसऱ्या पायरीवर, समोरच्याची चूक ध्यानात येऊनही गप्प राहणारा माणूस निश्चितपणे उणा पडतो. ‘कायद्याने आधी काढून घ्यायला सांगितले होते’ हे उत्तर पुरेसे नाही. विमा, दंड आणि पोलीस तपास यांसाठी प्रत्येक क्रमांक एका गाडीला निःसंदिग्धपणे बांधलेला असावा म्हणून कायदा नोंदीला प्रमाण मानतो, क्रमांकावर न्यायाने कोणाचा अधिकार होता हे तो तेथे ठरवतच नाही.

मनुस्मृतीने क्रयविक्रयाच्या अनुशयाला, म्हणजे सौद्यानंतरच्या पश्चात्तापाला, व्यवहाराच्या अठरा पदांत स्थान देऊन दहा दिवसांत वस्तू परत देण्याघेण्याची मुभा ठेवली आहे. ब्रिटिश पद्धतीत क्रमांकासाठी अशी मुदत नाही, तरी वाट खुली आहे: नव्या धारकाने स्वतः क्रमांक राखून घ्यावा आणि मग तो पहिल्या धारकाच्या गाडीवर चढवू द्यावा. विस्मरण विकणाऱ्याचे असल्यामुळे राखण्याचे ८० पौंड आणि नव्या पाट्यांचा खर्च त्याने सोसावा हे रास्त आहे. बदललेला क्रमांक विमा कंपनीला कळवण्याचे काम मात्र घेणाऱ्यालाच करावे लागते, आणि ते पाट्या बदलताच करावे लागते.