काळा कोट, हिरवा कोट

हे मनन सावकाश करायचं आहे. पाठ टेकून बसा. तळपाय जमिनीला लागू द्या. श्वास जसा चालला आहे तसाच चालू दे, त्याला वळण लावू नका. मध्येच डोळे मिटून थांबावंसं वाटलं तर थांबा. मजकूर कुठे जात नाही.

आता एक बोळ डोळ्यांपुढे आणा. अवकाशयानातला, पांढऱ्याशुभ्र भिंतींचा. टोकाचं दार स्फोटाने फुटतं, धूर आत येतो, धुरातून पांढऱ्या चिलखतातले शिपाई घुसतात, गोळ्या झडतात. मग धूर जरा निवळतो आणि दारात एक उंच काळी आकृती उभी राहते. मागे लोळणारा काळा झगा, डोक्यावर मानेकडे पसरत गेलेलं काळं शिरस्त्राण. श्वासाची घरघर तेवढी ऐकू येते. तो अजून एक शब्दही बोललेला नाही. तरी तुम्हाला कळलेलं असतं.

कशावरून कळलं, एवढाच प्रश्न घेऊन थोडा वेळ बसू. उत्तराची घाई नको.

‘स्टार वॉर्स’ अमेरिकेत मे १९७७ मध्ये आला. डार्थ व्हेडरच्या शिरस्त्राणात जपानी सामुराईचा टोप आहे आणि महायुद्धातल्या जर्मन सैनिकाचं पोलादी हेल्मेटही आहे. त्याच्या आगेमागे वावरणारे साम्राज्याचे अधिकारी आठवा. करडा-हिरवट, गळ्यापर्यंत बंद कोट, गुडघ्यापर्यंत चढलेले काळे बूट, पुढे उतरती झापड असलेली टोपी. शिपायांना म्हणतात स्टॉर्मट्रूपर, आणि हिटलरच्या तपकिरी सदऱ्यांच्या टोळ्यांनाही इंग्रजीत हाच शब्द होता. म्हणजे ओळख पटली ती त्या माणसाची नव्हे. कोट ओळखीचा निघाला. डोळ्यांनी निकाल दिला आणि मन त्यांच्या मागून चालत आलं.

हे कपडे घडवणारा माणूस होता जॉन मोलो, लंडनचा, १९३१ साली जन्मलेला. लष्करी गणवेश हा त्याच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. कुठल्या पलटणीच्या कॉलरवर कोणत्या रंगाची पट्टी असे, ते त्याला ठाऊक असायचं. साम्राज्याची माणसं पाहताक्षणी हुकूमशाहीची वाटावीत, ही दिग्दर्शक जॉर्ज लुकासची अपेक्षा मोलोने पुरी केली आणि त्या कामासाठी त्याला ऑस्कर मिळालं. त्याचा धाकटा भाऊ अँड्र्यूसुद्धा गणवेशांचाच जाणकार. तो सोळा वर्षांचा होता तेव्हा केव्हिन ब्राउनलो या अठरा वर्षांच्या मित्राबरोबर तो एका चित्रपटाच्या मागे लागला, आणि दोघं आठ वर्षं त्यातच गुंतून राहिले. चित्रपटाचं नाव ‘इट हॅपन्ड हिअर’. नाझींनी इंग्लंड जिंकलं असतं तर काय झालं असतं, ही त्याची गोष्ट. त्यात एक साधी परिचारिका आहे, आपलं काम सुरू राहावं म्हणून ती नव्या राजवटीच्या संघटनेत जाते आणि तिचा गणवेश चढवते. 

एका घरातले दोन भाऊ. थोरल्याने असा कोट दिला की दुष्ट माणूस दारातच ओळखू यावा. धाकट्याने तोच कोट अशा बाईच्या अंगावर घातला की ओळखच पटू नये. मला या दोघांतला धाकटा जास्त खरा वाटतो. पण थोरल्यावर माझा राग नाही. त्याच्या प्रेक्षकांत असे लाखो होते ज्यांनी तो कोट रस्त्यावर, स्टेशनात, स्वतःच्या दारात पाहिला होता. युद्ध संपून अवघी बत्तीस वर्षं झाली होती, आणि त्यांच्यासाठी ती टोपी म्हणजे आठवण होती. आपल्यातल्या बहुतेकांना मात्र ती टोपी आधी पडद्यावरच भेटली. तिच्यातली आठवण गळून गेली आणि खूण तेवढी उरली.

आता त्या कापडावरून मनाने हात फिरवा.

खांद्यात भर घातलेली आहे, म्हणून खांदा आहे त्याहून रुंद दिसतो. कंबरेला पट्टा आवळलेला आहे, म्हणून छाती पुढे येते. उंच कॉलरमुळे मान वाकवता येत नाही. टोपीचा पुढचा भाग वर उचललेला आहे, त्याने वीतभर उंची वाढते. झापड कपाळावर सावली टाकते, डोळे दिसत नाहीत. बुटांमुळे माणूस दिसण्याआधी ऐकू येतो. ह्यातली प्रत्येक गोष्ट बघणाऱ्यासाठी आहे, तशीच घालणाऱ्यासाठीही आहे. असा कोट चढवून कुणालाही पोक काढून उभं राहता येत नाही.

नाझींच्या एसएस या दलाचा काळा गणवेश १९३२ साली आखला गेला. आखणारे दोघे: कार्ल डिबिच हा चित्रकार आणि वाल्टर हेक हा आरेखक. टोपीवरची कवटी जुन्या प्रशियाच्या घोडदळाकडून आलेली. तो परिणामकारक दिसतो कारण चित्रकलेची जाण असलेल्यांनी तो परिणामासाठीच काढला होता. आपण पडद्यावर त्या काळ्या रंगाने भारावतो, तेव्हा त्या दोघांचं काम आजही चालू असतं, हे मला फार अस्वस्थ करतं.

हे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांपैकी एक मेट्झिंगेन या लहान गावातला, ह्युगो बॉस या उद्योजकाचा. युद्धाच्या काळात तिथे १४० जणांना सक्तीने कामाला जुंपलं होतं. बहुतेक पोलंडहून आणलेले, आणि त्यांत बायका जास्त. शिवाय ४० फ्रेंच युद्धकैदी. त्या बायकांपैकी एकीचे हात डोळ्यांपुढे आणा. चेहरा नको, नुसते हात. मशीनच्या दाबपट्टीखाली कापड सरकवणारी बोटं, काजाभोवती फिरणारी सुई, दाताने तोडलेला दोरा. घर कुठे राहिलं असेल तिचं. ज्या सैन्याने तिला उचलून आणलं त्याच सैन्याच्या बाह्या ती जोडते आहे. या हातांपाशी हवा तेवढा वेळ थांबा. पुढे कधी पडद्यावर तसली बाही दिसली तर हे हात आठवू देत.

श्वास चालू आहे ना, बघा.

आता जरा अवघड ठिकाणी जायचं आहे. शाळेच्या मैदानावरचं झेंडावंदन आठवा. इस्त्रीचा पांढरा सदरा, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून घेतलेलं अंतर, ‘सावधान’ ऐकताच शेकडो टाचांचा झालेला एकच आवाज. त्या आवाजाने अंगावर शहारा यायचा. माझ्या तरी यायचा. मी एकटा असताना जेवढा होतो त्याहून मोठा झालो आहे असं वाटायचं. त्या शहाऱ्यात पाप नव्हतं. तो निरागस होता. पण तो शरीरात आहे, आणि कवायत कोणाची आहे हे शरीर विचारत नाही.

‘स्टार वॉर्स’चा शेवट आठवा. साम्राज्याचा पराभव झाला आहे. विजयी बंडखोरांच्या भव्य सभागृहात दोन्ही बाजूंना सैनिकांच्या सरळ रांगा उभ्या आहेत, मधल्या मोकळ्या वाटेने नायक चालत येतात, समोर उंचावर राजकन्या पदकं घेऊन उभी आहे, संगीत चढत जातं. छाती भरून येते. आणि ही रचना जुन्या एका चित्रपटाची आहे. १९३४ साली न्युरेंबर्गला नाझी पक्षाचा मेळावा झाला, त्यावर लेनी रीफेन्श्टालने ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ काढला, तो १९३५ मध्ये दाखवला गेला. त्यात रांगांमधल्या प्रचंड रुंद वाटेने तीन माणसं चालत जातात. मधला हिटलर आहे.

म्हणजे दुष्टांना कोट मिळाला आणि रांगा मिळाल्या आपल्या माणसांना. त्या दृश्यात आपण टाळ्या वाजवतो, कारण मधल्या वाटेने चालणारे आपले असतात. त्या टाळीचा क्षण मनात पुन्हा आणा आणि तो शरीरात नेमका कुठे जाणवतो ते पाहा. गळ्याशी, छातीत, दंडांत. त्याला दोष देऊ नका, दाबूही नका. तो तिथे आहे एवढं दिसलं तरी पुरे.

आपल्याकडेही नाझी सलामीचा तो हात वर गेला आहे. १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’त अमरीश पुरींचा मोगॅम्बो सोनेरी कलाबुतीच्या भरदार कोटात येतो. तो कोट शिवला मुंबईतल्या माधव अगस्ती या मराठी कारागिराने. मोगॅम्बोची माणसं हात पुढे करून ‘हेल मोगॅम्बो’ म्हणतात, आणि त्या काळी गल्लीतली मुलंही खेळता खेळता तसंच म्हणायची. तो हात कुठून आला ते त्यांना कोण सांगणार होतं?

पॉल व्हेरहूव्हन हा दिग्दर्शक १९३८ साली अ‍ॅमस्टरडॅमला जन्मला. त्याचं बालपण हेग शहरात, जर्मन अमलाखाली गेलं. १९९७ मध्ये त्याने ‘स्टारशिप ट्रूपर्स’ काढला आणि जाणूनबुजून उलटा प्रयोग केला. त्याने तो कोट नायकांना दिला. देखणी, गोड हसणारी तरुण मुलं, राष्ट्रासाठी मरायला सिद्ध झालेली. त्यांतलाच एक मित्र शेवटी लांब काळ्या चामडी कोटात येतो, आणि आपल्याला खटकतं ते क्षणभरच. समोर शत्रू म्हणून अजस्र किडे आहेत, त्यांची दया यायचं कारण नाही. चित्रपट आला तेव्हा अनेकांनी तो सरळसोट वाचला: कुणी नुसत्या युद्धपटासारखा पाहिला, कुणी दिग्दर्शकालाच फॅसिस्ट ठरवलं. आरसा समोर धरला तर माणसं आरशाच्या चौकटीबद्दल बोलू लागली.

आणखी एक माणूस. कॉनराड फाइट हा जर्मन नट, १९३३ साली नाझींमुळे देश सोडून गेलेला, बायको ज्यू. हॉलिवूडने त्याला १९४२ च्या ‘कासाब्लांका’त मेजर स्ट्रासर केलं. ज्या राजवटीने त्याला घराबाहेर काढलं तिचाच गणवेश तो रोज सकाळी मेकअपच्या खोलीत अंगावर चढवत होता. वरची बटणं कुणीतरी दुसरं लावत असेल. पुढच्याच वर्षी, युद्ध संपायच्या आत, तो वारला. पडद्यावर त्याच्याकडे पाहताना आपण कोटाचा तिरस्कार करतो, आणि त्या कोटाच्या आत निर्वासित माणूस धडधडत असतो.

आता सगळे काळे कोट बाजूला ठेवा. खुंटीला टांगा.

२० जानेवारी १९४२. बर्लिनजवळ वान्झे तळ्याकाठी एक देखणा बंगला. पंधरा माणसं टेबलाभोवती बसली आहेत. काही गणवेशात आहेत, पण बरेच जण मंत्रालयांतले सनदी अधिकारी आहेत, त्यांच्यापुढे कागद आहेत. युरोपातल्या ज्यूंचं काय करायचं याची जुळवाजुळव साधारण दीड तासात उरकते. त्यांच्यात टिपणं सांभाळणारा आइकमन १९६१ मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयात काचेच्या खोक्यात बसला, तेव्हा तो चष्मा लावलेला, साध्या सुटातला कारकून दिसत होता. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीने केलेला नरसंहार जगाला माहीत आहे. त्यांचा वेश होता शेतकऱ्याचे ढगळ काळे कपडे आणि गळ्यात चौकड्यांचा पंचा. अशा माणसाला कुठला चित्रपट खलनायक म्हणून निवडेल?

आता शेवटचं ठिकाण, इथे मला सगळ्यात सावकाश चालायचं आहे.

पोलंडमधलं जोझेफुव गाव. १३ जुलै १९४२. अजून उजाडलेलं नाही. ट्रकमधून माणसं उतरतात आणि अर्धवर्तुळात उभी राहतात. जर्मन राखीव पोलिसांची ही १०१ क्रमांकाची तुकडी, जवळपास पाचशे जण. हॅम्बुर्गचे गोदी कामगार, ट्रक चालवणारे, हॉटेलातले वाढपी, कारकून. बरेचसे चाळिशीच्या आसपासचे, घरी बायकामुलं असलेले. त्यांच्या अंगावर पोलिसांचा साधा हिरवा कोट आहे.

त्या अर्धवर्तुळात उभे राहा. अंगात तोच हिरवा कोट. डाव्या खांद्याला एका शेजाऱ्याचा खांदा लागतो, उजव्या खांद्याला दुसऱ्याचा. गवत ओलं आहे. मधोमध मेजर ट्राप उभा आहे, त्रेपन्न वर्षांचा. तुकडी त्याला प्रेमाने पापा म्हणते. त्याचा आवाज चिरकतो, डोळ्यांत पाणी आहे. तो हुकूम सांगतो: गावातले ज्यू गोळा करायचे, कामाचे पुरुष वेगळे काढायचे, बाकीच्यांना, म्हणजे बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांना, रानात नेऊन गोळ्या घालायच्या. आणि मग तो जे बोलतो त्यासाठी क्रिस्टोफर ब्राउनिंग या इतिहासकाराने पुढे अख्खं पुस्तक लिहिलं: वयस्कांपैकी ज्याला हे झेपणार नाही त्याने पुढे यावं.

थांबा. तो सेकंद लांबू द्या.

खांद्याला खांदा लागलेला आहे. पुढे यायचं म्हणजे त्या उबेतून बाहेर यायचं, सगळ्यांच्या देखत. शाळेच्या रांगेत जो शहारा यायचा तो इथेही आहे, पण तो आता पाय धरून ठेवतो.

एक माणूस पुढे आला. त्याचा कॅप्टन त्याच्यावर संतापला, तसं ट्रापने त्याला आपल्या पंखाखाली घेतलं. ते पाहून आणखी दहा-बारा जण आले. त्यांनी बंदुका जमा केल्या आणि पुढच्या हुकमाची वाट पाहत बाजूला उभे राहिले. उरलेले जागेवर राहिले, आणि दिवस मावळेपर्यंत त्या रानात सुमारे दीड हजार माणसं मारली गेली.

त्या पहाटेकडे लांबून पाहा, झाडांच्या मागून, अर्धवट उजेडात. कोण बाजूला झालं आणि कोण जागेवर राहिलं हे कपड्यांवरून सांगता येणार नाही. सगळ्यांचा कोट एकाच हिरव्या रंगाचा आहे. बटणं तेवढीच. टोप्या तशाच.

पाय अजून ओल्या गवतात आहेत. इथे हवा तेवढा वेळ राहा.