पैलवानाचे वजन : तप की शोषण?

मनुष्य अन्न सोडतो, पाणी सोडतो, झोप मोडतो, उन्हात धावतो आणि हे सर्व निश्चयाने करतो, तर त्याला तपस्वी म्हणावे की नाही? हा प्रश्न कुणा ऋषीविषयी नाही. कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्यूदो अशा द्वंद्वाच्या खेळांत उतरणाऱ्या आजच्या मुलामुलींविषयी आहे. आपल्या माळकरी घरांत पैलवान पोरे पुष्कळ. सप्ताहाच्या पंगतीत वाढायला, मंडपाचे वासे उचलायला हीच मुले पुढे असतात. त्यांपैकी एकाच्या आईने आम्हांस कीर्तनानंतर गाठून विचारले, ‘महाराज, पोरगं काल सकाळपासनं पाण्याला शिवलं न्हाई. नुसतं बाटलीत थुंकत बसलंय. म्हणतंय, वजन बसवायचंय. ह्याचं पुण्य लागतं का पाप?’ माउलीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचा थोडा विचार येथे करू.

प्रथम वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. आपल्याकडच्या मातीच्या कुस्तीत काटा नव्हता. वस्तादाच्या नजरेनेच जोड ठरे. दोघांचे हात हातात दिले, अंगलट पाहिली, की झाले काम. गादीवरच्या कुस्तीत मात्र वजनगट आले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइल कुस्तीचे ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ किलो असे सहा गट होते. स्त्रियांचे ५० पासून ७६ पर्यंत सहा. या नियमाच्या पोटात दया आहे, हे आधी कबूल करावे. बारक्या अंगाच्या मुलाला धिप्पाड गड्याखाली चिरडू नये, त्यालाही त्याच्या जोडीचा गडी मिळावा, एवढाच त्याचा हेतू.

पण मनुष्याची बुद्धी मोठी विलक्षण! एरवी ६२ किलो भरणारा गडी मनात म्हणतो, ६५ च्या गटात मी लहान ठरेन, तेच ५७ मध्ये शिरलो तर मोठा ठरेन. मग तो पाच किलो उतरवण्याच्या मागे लागतो. तोच हिशेब त्याचा प्रतिस्पर्धीही करीत असतो. दोघेही उतरतात, दोघेही सुकतात आणि पुन्हा एकमेकांसमोर उभे राहतात ते होते तसेच बरोबरीचे. फायदा कुणाला झाला? कुणालाच नाही. तरी एकट्याला यातून बाहेर पडता येत नाही, कारण जो पडेल तो त्या दिवशी हरेल.

आता हे वजन उतरते कसे, हे नीट समजून घ्या; कारण आमचा सगळा विचार त्यावरच उभा आहे. वजन उतरवण्याचे दोन भाग असतात आणि लोक ते एकच समजतात.

पहिला भाग मेदाचा. एक किलो मेद जळायला सुमारे ७,७०० उष्मांकांची तूट पडावी लागते. म्हणून शहाणा पैलवान दोन-अडीच महिने आधी लागतो आणि आठवड्याला अर्धा, फार तर एक किलो उतरवतो. पहाटे धावणे, दोरीच्या उड्या, जोर-बैठका, सपाट्या आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष लढतीची मेहनत. साखर, तळण, मिठाई बंद, भात-भाकरी बेताची, पण दूध, डाळ, अंडी यांना हात लावायचा नाही, कारण ते तोडले तर मेदाबरोबर मांसही झडते आणि डाव मारायला जोर उरत नाही. झोप पुरी. स्पर्धा नसतानाही तो आपल्या गटाच्या फार वर जात नाही. हाच खरा अंग राखणारा. यात अचाट काही दिसत नाही, म्हणून त्याचे कौतुकही होत नाही. रोज दोन घास कमी खाणाऱ्याचे छायाचित्र कोण छापणार?

दुसरा भाग पाण्याचा. वजन देण्याच्या आधीच्या चार-सहा दिवसांत मीठ तोडतात, भात-भाकरी जवळजवळ बंद करतात. शरीर स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा ठेवते, तो आपल्या वजनाच्या तिप्पट पाणी धरून बसतो. साठा गेला की पाणीही जाते. शेवटच्या दिवशी पाणी पिणेच बंद. अंगावर रबरी कपडे, त्यांवर आणखी कपडे, आणि धावणे. वाफेच्या खोलीत बसणे. थुंकून थुंकून पाच-दहा तोळे कमी करणे. काट्यावर उभे राहून झाले की मीठ-साखरेचे पाणी, मग खाणे. व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांची वजने बहुधा आदल्या दिवशी घेतात. त्यांच्यातले काही एका रात्रीत पाच-सहा किलो परत मिळवून दुसऱ्या दिवशी उभे राहतात.

या दुसऱ्या भागात मेद तोळाभरही जात नाही म्हटले तरी चालेल. जाते ते पाणी, आणि ते पाणी म्हणजे रक्ताचाच अंश. रक्त आटले की हृदय धडधडू लागते, घाम थांबला की अंगाची उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही, मूत्रपिंडे थकतात, डोके चालेनासे होते. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत तीन निरनिराळ्या महाविद्यालयांचे तीन तरुण मल्ल असेच वजन उतरवताना सुमारे महिन्याभरात मेले. रबरी कपडे घालून घाम गाळीत होते. चरकाने जे तेरा वेग अडवू नयेत असे सांगितले, त्यांत तहान आहे. आमच्या गुरुजींकडे तो भाग पाठ करताना आम्हांस वाटे, तहान कोण मुद्दाम अडवील! आता कळते, अडवणारे आहेत.

येथे पूर्वपक्ष असा होतो की, महाराज, उपवास तर आपणही करतो. निर्जला एकादशी काय आहे मग? आणि हा मुलगा तर जिभेला जिंकतो, समोर पंचपक्वान्ने ठेवली तरी बघत नाही. तुमच्या फराळवाल्यांपेक्षा तो बराच वरचढ. हा टोमणा आम्हांस मान्य आहे. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीची दुसरी ताटली मागणाऱ्यांनी पैलवानाच्या संयमाकडे बोट दाखवू नये, हे खरेच. पण निर्जला करणारी आजी रबरी कोट घालून उन्हात पळत नाही, आणि उपासाच्या दुसऱ्या दिवशी तिला कुणाशी झुंजायचे नसते. शिवाय तिला भोवळ आली तर घरातले पाणी पाजतात आणि शास्त्र त्याला आड येत नाही. पैलवानाला भोवळ आली तर भोवतालचे म्हणतात, ‘अजून दोनशे ग्रॅम!’

तप् धातूचा अर्थ तापणे. सोने तापते, उजळते, आणि सोनेच राहते. शुष् धातूचा अर्थ वाळणे. त्याच्यापासूनच शोषण हा शब्द. हल्लीच्या भाषेत शोषण म्हणजे दुसऱ्याला पिळून काढणे. पण धातू सांगतो, आधी ओल काढून घेणे. पैलवानाच्या दोन-अडीच महिन्यांच्या मेहनतीला आम्ही तप म्हणू, अगदी निःशंक मनाने. शेवटच्या दोन दिवसांना मात्र दुसरा धातू लावावा लागतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार केले आहेत आणि हट्टाने देहाला पीडा देणाऱ्या तपाला तामस ठरवले आहे. सहाव्या अध्यायात आहाराचा विचार आहे, तेथेही अति आणि अभाव दोन्ही वर्ज्य.

तर मग पाप मुलाचे का? येथे आम्ही जरा थांबतो, कारण पॅरिसची हकिगत डोळ्यांसमोर येते.

विनेश फोगाट हे नाव आता घरोघर ठाऊक आहे. त्या एरवी ५३ किलोंच्या गटात लढत. पण त्या गटातली भारताची जागा दुसऱ्या मल्ल मुलीने मिळवली होती, म्हणून त्या ५० मध्ये उतरल्या. ६ ऑगस्ट २०२४ ला सकाळी वजन बरोबर भरले. त्या दिवशी त्यांनी तीन कुस्त्या मारल्या. पहिलीच जपानच्या युई सुसाकीवर, जी तोवर परदेशी मल्लाकडून कधी हरली नव्हती. तीन कुस्त्या लढायच्या म्हणजे मधूनमधून काही खावे-प्यावे लागणारच. संध्याकाळी काटा पन्नासच्या वर सुमारे २.७ किलो गेला. ऑलिंपिक कुस्तीत दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन द्यावे लागते. रात्रभर त्या धावल्या, वाफेत बसल्या. त्यांच्या हंगेरियन प्रशिक्षकांनी पुढे लिहिले की वाफेच्या खोलीत पाऊण तासाहून अधिक बसूनही घामाचा थेंब येईना, आणि ही पोर आता मरते की काय असे त्यांना वाटले. केस कापले, कपडे आखूड केले. सकाळी १०० ग्रॅम जास्त. एक मध्यम केळे घ्या, तेवढे. अंतिम कुस्ती गेली, आणि नियमाप्रमाणे आदल्या दिवशीच्या तिन्ही विजयांचेही काही राहिले नाही. लवादाने १४ ऑगस्टला अर्ज फेटाळला.

त्याच मैदानावर दोनच दिवसांनी अमन सेहरावत या एकवीस वर्षांच्या मुलाने रात्रीच्या दहा तासांत ४.६ किलो उतरवले आणि ५७ च्या गटात ब्राँझपदक मिळवले. वर्तमानपत्रांनी त्या दहा तासांचे पवाडे गायिले. २०२५ मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत तोच मुलगा १.७ किलो जास्त भरला आणि न लढता परत आला; तेव्हा त्याच्यावर शिव्यांचा वर्षाव झाला. कृत्य एकच. एकदा काटा बसला, एकदा नाही. मग त्या पवाड्यांना आणि त्या शिव्यांना किंमत ती काय?

लक्षात घ्या, सकाळीच वजन घेण्याचा हा नियम कुस्तीत २०१८ पासून आला, तो सुकवण्याला आळा बसावा म्हणूनच. आदल्या दिवशी वजन दिले की रात्रभर परत भरून घ्यायला सवड मिळे. ती सवड काढली की कोणी फार सुकणार नाही, असा अंदाज. अंदाज सर्वस्वी चुकला असे नाही, पण पदकाचा मोह त्याहून बळकट निघाला. उलट अमेरिकेत त्या तीन मृत्यूंनंतर महाविद्यालयांच्या संघटनेने रबरी कपडे, वाफेच्या खोल्या, लघवीच्या गोळ्या बंद केल्या, आणि हंगामाच्या आरंभीच प्रत्येक मल्लाची लघवी तपासून, तो सुकलेला नाही याची खात्री करून, अंगातला मेद मोजून त्याचे किमान वजन ठरवून टाकले. त्याखाली त्याने लढायचेच नाही. म्हणजे ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांनी मनावर घेतले तर एकट्याला न सुटणारी गाठ सर्वांसाठी सुटते. म्हणून आमचे मत असे की, जेथे सगळेच सुकतात तेथे सुकणाऱ्या एकाला दोष देणे हा न्याय नव्हे. दोष सुकवणाऱ्याचा. मोठ्या मल्लाच्या बाबतीत काही वाटा त्याचा स्वतःचाही धरता येईल. तो जाणता असतो, आपले बरे-वाईट त्याला कळते. पण त्या माउलीचे पोर सोळाचे होते.

आणि खरी चिंता येथेच आहे. शाळेच्या, तालुक्याच्या स्पर्धांत तेरा-चौदा वर्षांची मुले सुकताना आम्ही पाहिली आहेत. हे हाडांच्या वाढीचे वय. या वयात महिन्याला किलोभर वजन वाढले तर घरात पेढे वाटावेत! तेथे वस्ताद म्हणतो, ‘४५ मध्ये बसव, पदक हमखास.’ बाप मान डोलावतो. शाळेला ढाल हवी, बापाला फोटो हवा, आणि पाणी मात्र त्या लेकराने सोडायचे. सगळे वस्ताद असे नसतात. कोल्हापूरकडचे एक जुने वस्ताद आम्हांस म्हणाले, ‘महाराज, पोरगं वाढत असलं तर गट बदलावा. गट राखायला पोरगं कशाला मारायचं?’ हा मनुष्य चौथीपलीकडे शिकलेला नव्हता.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ५२ किलोंच्या गटात लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ते वरच्या, ५७ किलोंच्या गटात उतरले आणि स्वतंत्र भारताला व्यक्तिगत खेळातले पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. वरच्या गटात गेले म्हणूनच पदक मिळाले, असे आम्ही म्हणत नाही. कीर्तनकाराने दृष्टांत ताणू नये. पण वर गेले म्हणून त्यांचे काही अडलेही नाही.

ज्यांच्या घरी तालमीत जाणारे मूल आहे त्यांनी एवढे करावे. स्पर्धेला महिना असताना सकाळी मुलाचे वजन पाहावे आणि नाव कोणत्या गटात घातले ते वस्तादांना विचारावे. दोहोंत किलो-दीड किलोचे अंतर असेल तर ठीक, तळण-गोड कमी करून ते जाईल. तीन-चार किलोंचे असेल तर नाव वरच्या गटात घालायला सांगावे, आणि वस्ताद रागावले तर रागावू द्यावे. लघवी गर्द पिवळी होत असेल तर अंगात पाणी कमी आहे असे समजावे. रबरी कोट घरात आणू देऊ नये. लघवीच्या गोळ्या तर उत्तेजक द्रव्यांच्या नियमांतही निषिद्ध आहेत. त्या कुणी दिल्या तर ती तालीमच सोडावी. आणि वजनाच्या सकाळी पोराने पाणी मागितले, तर काटा कितीही दाखवो, तांब्या त्याच्या हातात द्यावा.