मोजणीत नसलेली आजी

२०१८ मध्ये ‘ईझ ऑफ लिव्हिंग’च्या यादीत १११ शहरांत पुणे पहिलं आलं. मी इंजिनिअरिंगला होतो. बातमी लगेच फॅमिली ग्रुपवर टाकली. आजी म्हणाली, “मग मला मंडईत कधी नेतोस?” रस्ता ओलांडायची भीती वाटते म्हणून तिने बसने जाणंच सोडलं होतं.

आज मी डॅशबोर्ड बनवतो. बसला किती उशीर झाला, किती तिकिटं गेली, हे मोजता येतं. पण जी घराबाहेर पडलीच नाही तिचा उशीर शून्य, तक्रार शून्य, अपघातही शून्य. तिच्या घरी बसण्याने आकडे उलट सुधारतात! मग अशा सुधारणेला यश म्हणायचा हक्क आपल्याला आहे का? मला वाटतं, नाही. किती जण प्रवास करतात याआधी, कोणी आणि का सोडला, हे विचारायला हवं.

रविवारी आजीला मंडईत नेलं. आम्ही रस्त्याच्या मधोमध असतानाच सिग्नल सुटला.